शुक्रवारचं ताट

"कुंकू पुढं आलं की मान मागं घ्यायची नाही, अनुसूया. देणारी कोण ते बघायचं नाही. ताटात लक्ष्मी असते, तेवढं बघायचं."

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी नवी सून होते आणि समईच्या वाती वळत बसले होते. त्यांचा आवाज माझ्यापेक्षाही हळू होता, पण त्यांनी सांगितलेलं मोडायची माझी कधी छाती झाली नाही. पुढं त्या गेल्या. बेंगळुरातलं, जे. पी. नगरमधलं आमचं बैठं घर पाडून तिथं फ्लॅट झाले आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. तरी चातुर्मासात रोज एका सुवासिनीला हळद-कुंकू आणि विडा दिल्याशिवाय मी पानावर बसत नाही. कुणी दिलेला विडा मी कधी परत करत नाही.

फ्लॅटमध्ये दुपारच्या वेळी सुवासिनी मिळणं सोपं नसतं. सगळ्या ऑफिसला गेलेल्या असतात. म्हणून मी ताट घेऊन खाली उतरते. वॉचमनची बायको सोनम दूर डोंगराकडची आहे. तिला आमचं काही कळत नाही, पण ती हात पुसत येते, "अम्मा, आज भी?" म्हणते आणि कपाळ पुढं करते. आमचे हे म्हणतात, "तुझ्या देवीनं एव्हाना हिंदी शिकून घेतली असेल."

यंदाच्या आषाढात आमचा मुलगा सुमंत जेवता जेवता म्हणाला, "आई, सोलरवाले आपली कंबदकेरेची जमीन मागतायत."

मालूरच्या पुढं कंबदकेरेला आमची नऊ एकर जमीन आहे. सासूबाईंनी ती माझ्या नावावर केली होती. का केली ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. जमीन कसतात रघुजी आणि मालनबाई. त्यांच्याआधी रघुजींचे वडील कसत, त्यांच्याआधी आजोबा. ती मराठा माणसं. आमचे आणि त्यांचे पूर्वज एकाच वेळी या मुलखात आले म्हणतात. आमचे लेखणी घेऊन, त्यांचे घोड्यावरून. आता त्यांच्याकडं घोडा नाही आणि आमच्या घरात लेखणीही सापडत नाही, सगळं फोनवर. शेताच्या कोपऱ्यावर त्यांचं कौलारू घर आहे, घराला लागून विहीर आहे. रघुजी दोन वर्षं अंथरुणावर आहेत. मालनबाई एकटी नाचणी करते, थोडी शेवंती लावते, आणि आमच्या वाट्याचं धान्य न चुकता पाठवते.

"मागतायत म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"विकत नव्हे, अण्णा. भाड्यानं. पंचवीस-तीस वर्षं. आजूबाजूच्या आठ-दहा घरांच्या जमिनी मिळून एक मोठा तुकडा हवाय त्यांना. आपली बरोबर मध्ये आहे. आपली नसेल तर त्यांचं जमत नाही." मग माझ्याकडं वळून हसला. "तू रोज सूर्याला अर्घ्य देतेस ना? आता त्यालाही आपल्याला काही देऊ दे की."

मी वरण वाढत होते. पळी भांड्यावर आपटली.

"मालनबाई?" मी म्हटलं.

"त्यांना देऊ काहीतरी. सत्तरीच्या झाल्या त्या. किती दिवस चिखलात उभ्या राहणार?"

काहीतरी म्हणजे काय, ते मला विचारायचं होतं. पण सुमंत जेवत होता. जेवणाऱ्याशी वाद घालू नये असं आमच्यात आहे, आणि तो जेवत नसतानाही मी वाद घातलेला मला आठवत नाही.

नागपंचमी होऊन गेल्यावरच्या रविवारी तो आम्हाला गाडीतून तिकडं घेऊन गेला. म्हणाला, "आधी बघा. न बघता घाबरू नका." कंबदकेरेच्या अलीकडच्या गावात असा एक प्रकल्प उभा होता. दुसऱ्याच कुठल्या कंपनीचा. सुमंतनं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि आम्ही उतरलो.

मी याआधी इतकी काच एका जागी पाहिली नव्हती. जमीन दिसतच नव्हती. निळ्याकाळ्या तक्त्यांच्या ओळी टेकडीपर्यंत गेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. कुठूनतरी बारीक गुणगुण येत होती, कानात माशी अडकल्यासारखी. माणूस कुठंच नव्हता. पुढं उंच जाळी होती आणि जाळीवर काटेरी तार.

"आवाज नाही, धूर नाही, घाण नाही," सुमंत म्हणाला. "याच्या विजेवर बेंगळुरात दिवे लागतात, आई. वाईट काय आहे यात, सांग."

वाईट काही नव्हतं. मी खरंच शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. तेवढ्यात जाळीच्या आत, दोन ओळींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मला पिंपळ दिसला. फांद्या कापून तो खुजा केलेला, तक्त्यांवर सावली पडू नये म्हणून असेल. त्याच्या बुंध्याशी नागाचे दगड उभे होते. आणि जाळीच्या अलीकडं, माझ्या पायाशी, हळद सांडलेली होती. जाळीच्या तारांवर दुधाचे ओघळ वाळून पांढरे झाले होते.

एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. मी कन्नडमध्ये विचारलं, हे काय? ती थांबली. पंचमीला आत सोडलं नाही, म्हणाली. आत वीज आहे, कुणाला काही झालं तर कोण निस्तरणार. म्हणून बायकांनी बाहेरूनच दूध घातलं. "इथनं फेकलं तर पोहोचत नाही, अम्मा. इथंच पडतं." मग भारा सावरत ती जाळीच्या कडेकडेनं निघून गेली. तिचं गाव समोर दिसत होतं, पण जाळीला वळसा घालून जायचं तर बराच वेळ लागला असता.

आतून एक पहारेकरी आला आणि हिंदीत ओरडला, गाडी पुढं घ्या. सुमंत काहीतरी बोलला. मी आधीच गाडीत बसले होते. त्या उन्हात मी पदर अंगभर घेतला होता.

घरी परतताना हे म्हणाले, "तुझा चेहरा पंचमीच्या नागासारखा झालाय. बोल की काहीतरी."

"त्या दगडांना दूध पोहोचत नाही," मी म्हटलं.

"देवाला पोहोचतं गं."

"आणि मालनबाईला पाणी? विहीर जाळीच्या आत गेली तर?"

सुमंत गाडी चालवत होता. "विहिरीचं बघू," म्हणाला. आरशात त्याचे डोळे मला दिसत होते. त्याला राग आला नव्हता, तो दमला होता.

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. जप करताना माळेचे मणी पुढं सरकायचे आणि नाव तोंडातच राहायचं. स्वयंपाकघरातला फ्रीज गुणगुणला तरी मी दचकायची. पण भीतीचं काय करायचं ते मला ठाऊक होतं: नेम सोडायचा नाही. देवी बघेल.

मग तो शुक्रवार आला.

श्रावणातला शुक्रवार, म्हणून मी पहाटेच न्हाऊन लक्ष्मीची पूजा मांडली होती. पुरण घातलं. सुमंत ऑफिसला गेला, हे पेपर वाचत डुलकी काढत होते. ताट घेऊन खाली गेले तर सोनमच्या खोलीला कुलूप. वॉचमन म्हणाला, बहिणीकडं महादेवपुऱ्याला गेलीय, रात्री येईल. समोरच्या घरी बेल वाजवली, वरच्या मजल्यावर गेले. कुणी नाही. दोन वाजून गेले. भूक लागली होती, पण तिचं काही नव्हतं. मला वाटत होतं ते वेगळंच: आज शुक्रवारी देवी माझ्याकडं येत नाहीय. म्हणजे माझं काही चुकलंय.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात कंबदकेरेचा जयसिंगराव उभा होता. मालनबाईच्या दिराचा मुलगा. पूर्वी तो पिकअप चालवायचा. आता सोलरवाल्यांसाठी गावागावांत जमिनी जमवतो, एवढं सुमंतनं सांगितलं होतं. शेजारी त्याची बायको धनलक्ष्मी, हिरव्या रेशमी साडीत, डोक्यात शेवंती. हातात ताट. ताटात नारळ, खणाचं कापड, पानांची चवड, सुपाऱ्या, हळद, कुंकू.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, "या गं बाई, या. तुझीच वाट बघत होते."

जयसिंगरावाला वाटलं असेल, म्हातारी आपली वाट बघत होती. खरंच वाटलं असेल. मी आजही त्याला खोटारडा म्हणू शकत नाही.

हे जागे झाले. "काय जयसिंगराव, आज जोडीनं? मंत्री झालात की काय?"

"कशाचा मंत्री, अण्णा. स्वल्प पुण्य मिळवायला आलो." तो हसला.

मी धनलक्ष्मीला पाटावर बसवलं. तिला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, विडा दिला, पुरण दिलं. मग ती उठली. तिनं आपलं ताट दोन्ही हातांत घेऊन माझ्यापुढं धरलं. मान खाली घालून म्हणाली, "अक्का, तुमच्या हातानं आमच्या गावाचं भलं होऊ दे."

"होऊ दे, होऊ दे," मी म्हटलं. तिनं मला कुंकू लावलं. मी पदर पसरला आणि तिनं पानं, सुपारी, नारळ पदरात घातलं. जयसिंगरावानं फोन वर धरला आहे ते मला दिसलं. मला वाटलं, बायकोचा सणाचा फोटो काढतोय. हल्ली सगळेच काढतात.

ते गेल्यावर मी पानावर बसले. किती दिवसांनी मी त्या दिवशी भीतीशिवाय जेवले.

संध्याकाळी सुमंत आला तो जिना धावतच चढला. असा तो दहावीच्या निकालाला धावत आला होता.

"आई! तू मला सांगितलं पण नाहीस!"

"काय?"

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. फोटोत मी होते. पदर पसरलेला, डोळे मिटलेले, तोंडावर हसू. समोर धनलक्ष्मी नारळ पदरात घालताना. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं: शुक्रवारी, देवापुढं, अम्मांनी जमिनीचा विडा घेतला. कंबदकेरेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो फोटो दुपारीच गेला होता. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती.

मी सुमंतला नीट विचारलं तेव्हा कळलं. तिकडं जमिनीचं बोलणं असंच पक्कं होतं. मागणाऱ्यानं ताट पुढं करायचं आणि ज्याला मान्य असेल त्यानं विडा घ्यायचा. सोयरिकीत आम्हीही तसंच करतो. मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. पण शुक्रवारी सुवासिनीच्या हातचं ताट सोयरिकीचं असतं का? जमिनीचं असतं का? ते लक्ष्मीचं असतं. मी लक्ष्मीचं घेतलं होतं.

"अरे, मी सणाचं म्हणून..."

"ते राहू दे गं. चांगलंच झालं." तो सोफ्यावर बसला, बूट काढायचंही विसरला. "बाकीचे सगळे अडून बसले होते. अम्मांचं काय, अम्मांचं काय, एवढंच विचारत होते. तुझा फोटो बघून सगळे तयार झाले. मंगळवारी मोजणीवाले येणार, खुंट्या मारणार. मारुतीच्या देवळापुढं सह्या. मी तुला गाडीनं नेतो. तू काही बोलायचं पण नाही, नुसती सही."

नुसती सही. मी देवघरात गेले. विडा तबकात ठेवला होता. पानं अजून हिरवीगार होती. मी ती उचलायला गेले आणि हात मागं घेतला. परत केला तर शुक्रवारी आलेली लक्ष्मी मी घराबाहेर काढते. ठेवला तर मालनबाईच्या दारात जाळी येते. आणि "होऊ दे" मी तोंडानं म्हटलं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

रविवारी मालनबाई आली.

बसनं, उन्हातून, अनवाणी नव्हे पण चपलेचा एक पट्टा सुतळीनं बांधलेला. हातात शेवंतीची पिशवी. सुमंत बाहेर गेला होता. मी पाणी दिलं, ते तिनं खाली ठेवलं.

"ताक देऊ शकत नाही गं," मी म्हटलं. "या महिन्यात आमच्यात दही-ताक वर्ज्य..."

"ठाऊक हाय की. तुमचा श्रावण मला ठाऊक न्हाई का?" ती भिंतीला टेकून खाली बसली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. "मी ताक प्यायला आले न्हाई, अम्मा. एक विचारायला आले. तुमाला जमीन द्यायची व्हती तर मला का न्हाई सांगितलं? फोटो कशाला? मी काय परकी?"

"मी जमीन दिली नाही, मालनबाई. मी सणाचं ताट घेतलं."

"घेतलं न्हवं?"

"घेतलं."

"मग झालं."

मी सगळं सांगितलं. सोनमच्या खोलीचं कुलूप, दोन वाजेपर्यंतचा उपास, सगळं. ती ऐकत होती. मध्येच हसलीसुद्धा. "त्या जयसिंगाला लहानपणी मीच आंघोळ घातलीय. कान धुऊ द्यायचा न्हाई." 

"खुंट्यांचा कागद त्यानं दाखवला मला," ती म्हणाली. "घर आत. विहीर आत. वाट आत. म्हणतो, काकू, गावात खोली बघून देतो. गावात खोलीत ह्यांना कसं न्यायचं? दोन वर्षं झाली, ते निजल्याजागेवरनं दारातनं विहीर बघतात. सकाळी रहाटाचा आवाज आला की म्हणतात, उठलीस व्हय. न्हाई आला तर हाका मारत ऱ्हातात. म्हातारं माणूस घाबरतंय, अम्मा. कालपासनं जेवलं न्हाई."

"सुमंत म्हणतो, तुम्हाला काहीतरी..."

"आमच्या नावावर काय हाय? कूळकायदा आला तवा गावातल्या सगळ्या कुळांनी अर्ज केले. आमच्या मामंजींनी न्हाई केला. तुमचे मामंजी म्हणाले, कशाला अर्ज, तुमाला कोण काढतंय. आमचे मामंजी म्हणाले, सरी, बरं. झालं." हे ती रागानं म्हणाली नाही. "तुमच्या घरचा शब्द म्हंजे कागदच, असं म्हणायचे."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुपार झाली होती. मालनबाई उठली. मी नेहमीसारखी आत गेले आणि ताट घेऊन आले. ती सुवासिनी, आणि माझा नेमही राहिला होता. पण मी नेमासाठी आणलं नव्हतं. मला तिला काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. मी कुंकवाचं बोट तिच्या कपाळाकडं नेलं.

मालनबाईनं मान मागं घेतली.

इतक्या वर्षांत असं कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. माझं बोट हवेतच राहिलं.

"नको, अम्मा," ती म्हणाली. "तुमच्या ताटाची आता भीती वाटती."

ती चपला घालू लागली. पट्ट्याची सुतळी सुटली होती, ती खाली वाकून बांधत होती. मी ताट जमिनीवर ठेवलं. तिच्या शेजारी उंबऱ्यातच बसले. 

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.  "तुझं घर, विहीर आणि वाट जाळीच्या बाहेर राहील असं ते सगळ्यांसमोर लिहून देईपर्यंत करणार नाही."

तिनं वर बघितलं. "हे तुमी मला सांगताय. तिथं कोण सांगणार?"

"मी."

"तुमी?" ती हसली नाही, हसली असती तर बरं झालं असतं. "देवळापुढं? गावातले बाप्ये, कंपनीची मानसं, जयसिंग, तुमचा मुलगा. तुमी तर लग्नात उखाणासुदीक कानात घेतला व्हता म्हणत्यात."

"तरी."

"आणि ती मानसं म्हणतील, अम्मा शब्द फिरवती, हिच्यापायी आमचं भाडं बुडालं. म्हणतीलच. शिव्या देतील."

"देतील."

"मुलाच्या गाडीतनं याल तर उतरेपतूर सगळं ठरलेलं असंल. तो काचा वर करून तुमाला समजावत आणील."

"बसनं येईन. मोजणीवाले यायच्या आधी तुझ्या अंगणात असेन. तुला घेऊनच देवळाकडं जाईन."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तिला ठरवता येत नव्हतं, आणि मला त्याचं वाईट वाटायचा हक्क नव्हता. शेवटी तिनं फक्त "बघू" म्हटलं आणि जिना उतरून गेली. कुंकवाचं ताट तसंच उंबऱ्याशी राहिलं. त्या दिवशी मी जेवले नाही. ह्यांनीही पान वाढून घेतलं नाही; भूक नाही म्हणाले, जी त्यांना नेहमी असते.

सोमवारी संध्याकाळी मी सुमंतला सांगायचं ठरवलं. त्याला अंधारात ठेवून जाणं मला बरं वाटत नव्हतं. चहा घेऊन त्याच्या खोलीत गेले. तो लॅपटॉप बंद करून अंधारात बसला होता.

"सुमंत, उद्याचं..."

"ऑफिसात आमच्या मजल्यावर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आई," तो म्हणाला. मी काय म्हणत होते ते त्यानं ऐकलंच नव्हतं. "इलेक्ट्रॉनिक सिटीचा तो पूल चढताना रोज सकाळी वाटतं, आज आपला नंबर. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण नवीन नोकरी देतं? म्हणून म्हणतो, जमिनीचं होऊ दे. काहीतरी पक्कं असू दे खाली."

त्यानं चहा घेतला. कपबशीचा आवाज होत होता.  इतके दिवस या घरात मी एकटीच घाबरलेय असं मला वाटत होतं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. जमीन मी नाकारत नाही, सुमंत, फक्त एक कोपरा, एक विहीर, एक वाट. एवढं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. त्या कोपऱ्यासाठी कंपनीनं सगळंच सोडून दिलं तर? मग या मुलाच्या पायाखालचंही मीच काढून घेतलं.  "जेवायला ये," एवढंच मी म्हटलं आणि बाहेर आले.

रात्रभर देवाला विचारलं, दोन्हीकडं पाप असेल तर कुठलं उचलू?   फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं येत होती: एक म्हातारा माणूस, दारातून बाहेर बघणारा, आणि त्याच्या समोर काचेच्या ओळी.

मंगळवारी उजाडायच्या सुमाराला मी तयार झाले. न्हाणं झालं, देवापुढं दिवा लावला.   साधी सुती साडी नेसले. पिशवीत पाण्याची बाटली, जमिनीच्या कागदाची झेरॉक्स आणि थोडे शेंगदाणे घातले.

हे बाहेरच्या खोलीत जागे होते. दिवा न लावता खुर्चीत बसले होते.

"चष्मा घेतलास का?" त्यांनी विचारलं.

"घेतला."

"वाचल्याशिवाय कशावर सही करू नको."

"नाही."

 मग म्हणाले, "मी येऊ? गुडघे दुखतात, पण येतो."

"तुम्ही आलात तर मी तुमच्या मागं उभी राहीन," मी म्हटलं. "मग बोलणार कोण?"

त्यांनी मान हलवली. "सुमंतला काय सांगू?"

"जेवणाचं झाकून ठेवलंय म्हणून सांगा. आणि मी पुढं गेलेय म्हणून सांगा. तो येईलच गाडी घेऊन. त्याच्यासमोरच बोलायचंय मला."

हे उठले आणि कडी अशी हळूच काढली की आवाज झाला नाही. सुमंतच्या खोलीत पंखा फिरत होता. मी चपला हातात घेतल्या. जिन्यावर काळोख होता. कठड्याला धरून उतरताना दोनदा वाटलं की परत वर जावं, अंगावर पांघरूण घ्यावं, सुमंत उठवेल तेव्हा उठावं. खाली आले. फाटकाशी चपला घातल्या.

रस्त्यावर दूधवाल्याखेरीज कुणी नव्हतं. मार्केटला जाणारी पहिली बस कोपऱ्यावर थांबते. तिथून मालूरची मिळते. मी पदर खोचला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि कोपऱ्याकडं चालू लागले.